संत्र्याच्या बागेत आत्याचं लुगडं

आमच्या बाबांना रिकामं बसता येत नसे, ही आमच्या घरातली कायमची अडचण होती. कामसू माणसाचं कौतुक होतं, पण बाबांचं काम वेगळ्या जातीचं. विहिरीचा रहाट जरा कुरकुरला की ते तेलाचं बोट लावून थांबत नसत. सगळा रहाट उतरवून त्याचे तुकडे अंगणात मांडत, आणि पुढचे चार दिवस माय आणि मी नुसत्या दोरानं पाणी शेंदत असू. एकदा कवेलू गळतं म्हणून त्यांनी भर पावसाळ्यात अर्धं छप्पर उघडं केलं होतं. कौसाआत्या म्हणायची, "नाम्याले देवानं हात दिले, पण ते ठेवाले जागा दिली नाही." आत्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर आठव्या दिवशी नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परतली. तेव्हापासून ती एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्याच घरात होती. गावात बाबांना एकेरी नावानं हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

गाव आमचं दारव्ह्यापासून दोन कोसांवर. नाल्याच्या काठी जमीन खोलगट होती आणि तिथे बाबांनी दीडशे संत्र्यांची कलमं लावली. पलीकडच्या तांड्यातले लखू नाईक त्यांना तेव्हाच म्हणाले होते, झाडं वर चढावर लावा, खोलात गारठा साचतो. पण खोलात पाणी जवळ होतं, आणि बाबांना सल्ला दिला की ते त्याच्या बरोबर उलट करत. पहिली दोन वर्षं मोटेचं पाणी वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नसे. तिथल्या चाळीस झाडांना मी घागरीनं पाणी घातलं. कमरेवर घागर घेऊन चालायची मला अशी सवय लागली की शाळेतही मी एका बाजूला कलून चालते म्हणून पोरी हसत. सातवीनंतर शाळा सुटली, कलणं मात्र सुटलं नाही. आजही यवतमाळच्या घरात माझी सून म्हणते, आई, तुमच्या चपला एकाच बाजूनं झिजतात. मी तिला कारण सांगत नाही, कारण ते सांगायला फार वेळ लागतो.

झाडं धरायला लागली त्याला दुसरं वर्ष होतं. संक्रांत होऊन गेली होती. त्या सकाळी मी म्हशीला पाणी पाजायला टाक्याशी गेले, तर म्हैस तोंड लावी आणि मागे घेई. पाण्यावर काचेसारखा पापुद्रा होता. मी बोट मारलं तर तो तुटला. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. मी मायला हाक मारली, मायनं आत्याला, आणि आम्ही तिघी तो तुकडा हातावर घेऊन विरघळेपर्यंत पाहत उभ्या होतो. बागेकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं तेव्हा ऊन आलं होतं. नाल्याकाठचं गवत मिठासारखं पांढरं होतं, आणि संत्र्याची पानं उकडलेल्या भाजीगत मऊ पडली होती. दुपारपर्यंत ती तपकिरी झाली, आणि आठ दिवसांत बहुतेक सगळी गळाली. दीडशे झाडं खराट्यासारखी उभी राहिली, वर पिवळी फळं तेवढी लोंबत.

बाबा बांधावर बसले. ते बसले हे पाहूनच माय घाबरली.

लखू नाईक काठी टेकत आले. त्यांचे बापआजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले. स्वतः नाईकही लहानपणी त्या तांड्याबरोबर पार उत्तरेकडे जाऊन आले होते. त्यांनी एक फांदी वाकवून पाहिली आणि म्हणाले, "नामाभाऊ, पाला मारला."

"पाला गेला हे मलेबी दिसून राह्यलं," बाबा म्हणाले. "झाडावर एक पान नाही उरलं."

"तो पाला नाही. तिकडचे लोक या गोठलेल्या दहिवराले पाला म्हणतात. मी पाह्यले असे बगिचे. झाड मेल्यावानी दिसते, पण मरत नाही सगळं. तू आता एकच काम कर."

"कोणतं?"

"काहीच करू नको. होळीलोक झाडाले लोखंड लावू नको. जितं कुठं हाय आन् मेलं कुठं हाय, हे झाड स्वतः सांगते. आता कापशीन तं जितंच कापून टाकशीन. पाणीबी जास्त नको देऊ."

माझ्या मते जगात आमच्या बाबांना देता येईल असा यापेक्षा कठीण सल्ला दुसरा नव्हता. होळीपर्यंत दीड महिना होता.

आधी फळांचा प्रश्न आला. गारठलेली संत्री वरून चांगली दिसत, पण आतून फोडी सुकत चालल्या होत्या आणि कडवट लागत. ती बाजारात नेण्यासारखी नव्हती. टाकून द्यायची तर मायचा जीव होत नव्हता. मग आमच्या घरात संत्र्याचं राज्य सुरू झालं. वरणात चिंचेऐवजी संत्रं, अंबाडीच्या भाजीत संत्रं, सालीची तिखट चटणी, सालीचं लोणचं, रस आटवून केलेल्या काळपट वड्या. जवसाच्या चटणीतसुद्धा एके दिवशी सालीचा कीस निघाला, तेव्हा आत्यानं भाकर खाली ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, आता म्हशीच्या दुधातबी हेच येईन." म्हैस खरोखरच साली खात होती. दारावरून जाणारा माणूस आमच्या चुलीचा वास घेऊन थबकत असे, आणि मग मायनं आत बोलवायच्या आधीच पाय उचलत असे. मला अजूनही संत्र्याची बर्फी पुढे केली की मी हात जोडते. लोक समजतात, मला साखरेचा आजार आहे.

दुसरा प्रश्न बाबा. माय शहाणी होती. तिनं करवत जोंधळ्याच्या कणगीत पुरली आणि कुऱ्हाड आत्याच्या पेटीमागे ठेवली. पण हात रिकामे तं डोकं रिकामं, हे तिला माहीत होतं. नाईक बोलता बोलता म्हणाले होते की पानं गेली म्हणजे झाडाच्या सालीला ऊन चटका देतं, म्हणून खोडाला चुना फासावा. मायनं हे वाक्य पकडलं. बाबांनी दारव्ह्याहून चुना आणला, भिजवला आणि दीडशे खोडं रंगवली. सहा दिवस घरात शांतता नांदली. सातव्या दिवशी चुना उरला होता. बाबांनी विहिरीची पाळ रंगवली, मग गोठा, मग फाटक, मग बांधावरचे दगड. एका संध्याकाळी आमचा पांढरा बैल जास्तच पांढरा दिसला तेव्हा माय म्हणाली, "अवो, बास करा. जनावर चाटते ते." चुना संपला. होळीला अजून महिना होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी जाहीर केलं की बाग मेली, ती मुळासकट काढायची आणि पावसाला तिथे कपाशीची पऱ्हाटी पेरायची. पुढच्या बाजाराच्या दिवशी दारव्ह्याहून दोन लाकूडतोडे आणतो. माय ताटात भाजी वाढत राहिली. मी मात्र ताटावरून उठले. बाबांसमोर असं उठायची ती पहिलीच वेळ. मी बागेत गेले, घागरीनं पाणी घातलेल्या चाळीसांतलं पहिलं झाड धरलं आणि अंगठ्याच्या नखानं फांदीची साल खरवडली. शेंड्याकडे आत तपकिरी, कोरडं. मी खाली खाली येत गेले. कोपराएवढ्या अंतरावर साल निघाली आणि आत हिरवं दिसलं, ओलं. बाबा मागून आले होते. मी त्यांना दाखवलं.

"एका फांदीचं काय सांगते तू," ते म्हणाले. "साऱ्या बागेचं सांगशीन तं मानीन."

ते रागात बोलले होते. पण मी म्हटलं, "सांगते. बाजारालोक मुदत द्या."

ते हसले. "दे मंग सांगून. दीडशे झाडं हायेत." ही त्यांची चूक झाली, कारण मी त्यांचीच मुलगी होते.

प्रत्येक झाडाच्या जाड फांद्या खरवडायच्या, आणि हिरवं जिथे सुरू होतं तिथे खूण बांधायची, असं मी ठरवलं. लांबून दिसेल अशी खूण हवी होती. सुतळी सालीच्याच रंगाची, ती दिसेना. जुन्या धोतराची चिंधी चुन्यात मिसळून जाई. मी घरात लाल काही शोधत होते, तेव्हा आत्यानं आपली पेटी उघडली. तळाशी पिवळ्या कापडात गुंडाळलेलं तिचं लग्नातलं लाल लुगडं होतं. तिनं ते चाळीस वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं. उलगडलं तर घडीघडीवर कसरीची भोकं पडली होती.

"आत्या, हे नको," मी म्हटलं.

"काहून नको? आठ दिवस नेसली मी हे. मंग चाळीस वर्षं किड्यायनं नेसलं. आता झाडं नेसतीन." तिनं काठ दातात धरला आणि टर्रकन फाडलं. मला वाटलं ती रडेल. पण पहिल्या फाडीनंतर तिला त्यात गोडी लागली. माय बास म्हणेपर्यंत तिनं पदराच्याही पट्ट्या करून टाकल्या होत्या, आणि किती दिवसांनी चांगलं काम केलं अशा चेहऱ्यानं ती त्या मोजत बसली होती.

रोज सकाळी ऊन चढल्यावर मी बागेत जाई आणि दिवे लागायच्या आत परत येई. अंगठ्याचं नख दुसऱ्याच दिवशी फाटलं, मग मी विळ्याच्या टोकानं खरवडू लागले. कुठे हिरवं शेंड्याजवळच लागे, कुठे पार खोडाशी. जिथे लागलंच नाही तिथे चिंधी बांधली नाही. अशी अकरा झाडं निघाली, आणि त्या प्रत्येकाजवळ मी उगाच दोनदोनदा गेले. बाबा बांधावरून पाहत.

आमच्या बागेला लागूनच बाजाराची पायवाट होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरपणाला निघालेल्या दोन बायका थांबल्या. पांढरी फासलेली खोडं, वर पान नाही, आणि फांदीफांदीला लाल कापड. त्यांनी बांधावर तुरी निवडत बसलेल्या आत्याला विचारलं, "आजी, हे कोणत्या देवीचं ठाणं म्हणाव?"

"मले काय माहीत, बाप्पा," आत्या म्हणाली. "मी तं नुसतं लुगडं देलं."

आत्या खोटं बोलली नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण संध्याकाळपर्यंत तीन गावांत झालं की नाल्याकाठी देवी आली, एका रात्रीत सारी झाडं पांढरी झाली आणि नामाभाऊच्या बहिणीनं तिला लुगडं चढवलं. दुसऱ्या दिवशी पहिला नारळ फुटला. तिसऱ्या दिवशी माझ्या चिंध्यांमध्ये दुसऱ्यांच्या चिंध्या दिसायला लागल्या. हिरव्या, पिवळ्या, एक चक्क निळी. मी हादरले. हिरवं कुठे सुरू होतं त्याची माझी खूण कोणती आणि नवसाची कोणती हे मलाच कळेना, म्हणून मी धावत जाऊन लोकांना सांगू लागले, बायांनो, हे देवाचं नाही, हे मी बांधलं, झाड जितं आहे का पाहायला. त्या ऐकून घेत, मान डोलवत, आणि गाठ मारत.

बाजाराच्या दिवशी, किती झाडं जिती निघाली हे मला न विचारताच, बाबा दारव्ह्याहून दोघा लाकूडतोड्यांना घेऊन आले. त्यांच्या खांद्यावर मोठी दोघांनी ओढायची करवत होती. बागेजवळ पन्नासेक माणूस होतं. ते दोघे वाटेवरच थांबले, त्यांनी वहाणा काढल्या, करवत खाली ठेवली आणि हात जोडले.

"आत या," बाबा म्हणाले.

"नाही जमत, भाऊ," त्यांतला मोठा म्हणाला. "देवीच्या झाडाले आमी हात नाही लावत."

"अरे, देवी कशाची? माह्या पोरीनं बांधल्या त्या चिंध्या. माह्या बहिणीच्या लुगड्याच्या."

"तेच सांगून राह्यलो," तो समजुतीनं म्हणाला. "बहिणीनं लुगडं चढवलं, आन् तुमी कापाले निंगाले."

बाबांनी एक चिंधी सोडायला हात वर केला, तशी बायकांतून अशी कुजबुज उठली की त्यांनी तो हात तसाच डोक्यावरून फिरवून टोपी सारखी केली. लाकूडतोडे निघून गेले. बाबा स्वतः कुऱ्हाड आणायला घराकडे वळले, तेव्हा लखू नाईकांनी त्यांना थोडं बाजूला घेतलं. "तुह्या मनात देवी नाही, हे मले मालूम हाय. माह्याबी नाही. पण आज तू एक फांदी तोडली तं उद्या तुह्या वावरात निंदाले-खुरपाले एक बाई येणार नाही. होळीलोक दम धर. मंग म्हणू, देवीनं परवानगी देली."

बाबांनी दम धरला. दुसरा इलाज नव्हता. त्यांच्याच बागेत त्यांना कामाची बंदी झाली होती. ते देवीचे कडवे विरोधक होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तसं ऐकवत, पण झाडाखाली ठेवलेले नारळाचे तुकडे माय गोळा करून आणी, आणि त्याची लसूण घालून केलेली चटणी बाबा दोनदा मागून घेत. महिन्याभरानं घरात संत्र्याशिवाय काहीतरी शिजलं होतं.

मला मात्र रात्रंदिवस खात होतं. लोकांना फसवायचं माझ्या मनात नव्हतं, पण ते फसत होते आणि त्यानं माझी झाडं वाचत होती. एका दुपारी एक तरणी बाई एकटीच आली. पायांवर बरीच धूळ होती. तिनं झाडाला पाठ टेकून थोडा वेळ दम घेतला आणि पदराचा काठ फाडून बांधू लागली. कशासाठी, मी विचारलं. नवरा दगडाच्या खदानीवर कामाला गेला होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. दहिवर, नख, आत्याचं लुगडं, सगळं.

तिनं गाठ पुरी केली. "मले समजते, कोणीतरी बांधल्या असतीन," ती म्हणाली. "झाडाले काय हात असतात? साऱ्याच देवाच्या झाडाच्या चिंध्या कोणीतरी बांधेल असतात."

आजही कुणी देवाधर्माचं विचारलं की मला आधी ती बाई आठवते. त्या दुपारी मी तिला विचारलं, त्याला पत्र पाठवलं का? तिला लिहिता येत नव्हतं. मी घरून पोष्टकार्ड आणि टाक आणला, आणि बांधावर बसून तिनं सांगितलं ते लिहिलं. फार काही नव्हतं. शेळी व्याली, छप्पर शाकारलं, तुम्ही या. पत्ता तिला पाठ होता. पोळ्याच्या आधी ती मला बाजारात दिसली, शेजारी डोक्यावर पेटी घेतलेला एक काळासावळा माणूस होता. ती मला पाहून हसली आणि त्याला म्हणाली, "हे पाह्य, संत्रेवाली." देवीला श्रेय दिलं की मला, हे मी विचारलं नाही.

होळीच्या चार दिवस आधी माय सकाळी बागेतून पळतच आली. मायला पळताना मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही. आम्ही गेलो तर फांद्यांच्या सालीतून राईच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके फुटले होते. कुठे माझ्या चिंधीच्या अगदी खाली, कुठे बोटभर वर, आणि कित्येक ठिकाणी मी चूक होते, हातभर खाली फुटलं होतं. अकरांतल्या नऊ झाडांना काहीच नव्हतं. उरलेल्या दोन झाडांच्या बुडाशी मोठे जोमदार धुमारे आले होते. बाबा आनंदानं त्यांना आळं करू लागले, तेव्हा नाईकांनी ते काट्यासकट दाखवले. "हे संत्रं नव्हं. ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या जंबेरी लिंबाच्या खुंटाचं हाय. मोडून टाक." बाबांनी एक मोडला आणि दुसरा हट्टानं ठेवला. त्याला पुढे अशी आंबट फळं लागली की पाहुण्याला ती देऊन त्याचं तोंड पाहणं हा बाबांचा छंद झाला.

झाडं फुटली तशी गर्दी ओसरली. देवीचं काम झालं, असं लोक म्हणाले. शिवाय पलीकडच्या गावात एका विहिरीचं पाणी अचानक गोड लागायला लागलं होतं, तिकडे रांगा लागल्या.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मायनं कणगीत हात घालून करवत काढली, जोंधळे झटकले आणि ती बाबांच्या हातात दिली. मोरचूद आणि चुन्याचा लेप कालवून मी भांडं घेतलं, कापलेल्या जागी लावायला. तेच दोन लाकूडतोडे मोठ्या फांद्या ओढायला आले होते. या खेपेला त्यांनी वहाणा घातलेल्या होत्या. पहिल्या झाडापाशी बाबांनी करवत फांदीवर ठेवली. मग ती तशीच धरून ते थांबले, आणि त्या दोघांच्या देखत माझ्याकडे पाहिलं.

"इथून कापू का?"

त्याआधी बाबांनी मला, किंवा घरातल्या कुणालाही, काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी लेपाचं भांडं खाली ठेवलं. जवळ जाऊन साल पाहिली, फूट पाहिली, आणि म्हटलं, "नाही. दोन बोटं वर घ्या."

त्यांनी करवत दोन बोटं वर घेतली.